आतला दलाल

"मशीन बंद करायचं न्हाई," म्हणत तो टेबलावर अशी बुक्की हाणायचा की चहाचे कप उडायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याचा हात तोंडाआधी चालतो. आमचा हा नौबाद गावचा. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला. आळंदच्या बाजारात एका व्यापाऱ्याचं लिलावगृह होतं, तिथले कॉम्प्युटर तो सांभाळायचा आणि मी माईकवर तुरीच्या ढिगांचे नंबर पुकारायची.

रागात त्यानं कीबोर्ड गुडघ्यावर मोडलेले मी पाहिलेत. एकदा वैतागून मी मेन स्विचकडे हात नेला, तर मनगटावर सणकून फटका बसला. "कामून हात लावायलीस, अक्का?" संध्याकाळी त्यानंच मलम आणून दिलं, आणि देतानाही खेकसलाच, "लाव गुमान."

त्याचं भांडण होतं ते लिलावाच्या प्रोग्रामच्या पोटात चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामशी. खरेदीदारांनी टाकलेले भाव तो आतल्या आत पुढं पोचवायचा, मग ते बाहेरच्या मोठ्या बोर्डावर दिसायचे. कॉम्प्युटरवाले त्याला ब्रोकर म्हणत. हा सरळ दलाल म्हणायचा. तो अडकला की आधीचे लोक सगळं मशीनच बंद करून चालू करत आणि लागलेले भाव पुसले जात. हा बाकीचं सगळं चालू ठेवून आतला दलाल तेवढा बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आम्ही त्याला म्हणायचो, आधी मारायचं, मग उठवायचं. बोलून बोलून आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

तुरीचा हंगाम भरात होता. त्या दुपारी बोर्डावरचे भाव हलेनात. दलालांनी भाव दाबलेत, अशी कुजबूज आवारात सुरू झाली. यानं माझा माईक ओढून "थोडं थांबा, दुरुस्त करायलोय" असं सांगितलं आणि माईक तसाच चालू ठेवून कॉम्प्युटरवर झेपावला. आतला दलाल बंदच होईना. मग माझ्यापुढच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत हा माझ्यावर भडकला.

"बघत काय बसलीस, अक्का? मार की त्या दलालाला. मेल्याबिगर उठायचा न्हाई त्यो."

ते शब्द आवारभर घुमले.

बाहेर बोर्डाखाली एक म्हातारे दलाल उभे होते. पहिला दगड त्यांना लागला. मग काठ्या आल्या, लोखंडी वजनं आली, पोती ओढायचे हमालांचे आकडे आले. म्हाताऱ्याचा कान फाटून लोंबत होता. काय झालं ते मला उमगेपर्यंत यानं खिडकीतून उडी मारली होती. जाताना एवढंच म्हणाला, "तू उठव त्याला."

तो म्हाताऱ्यावर पालथा पडला. "मशीनातला म्हनलो रे, मशीनातला," असं ओरडत राहिला. कुणाला कळणार? पाठीवर घाव पडतच होते. मी त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आतला दलाल मारला आणि उठवला. बोर्डावर अडकलेले भाव एकामागून एक उमटले, चांगले चढे भाव, आणि माणसं वर बघत थांबली. तोवर हमालाचा एक लोखंडी आकडा याच्या डोक्यात बसला होता.

सोलापूरच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर तो गेला. मला त्याचा भयंकर राग आला. अजून येतो.

त्यानंच मारायला लावलं, अशी बोलवा नौबादपर्यंत गेली. म्हातारे दलाल चालायला लागल्यावर आम्ही दोघं नौबादला त्याच्या आईकडे गेलो.

"लोक म्हंतेत, मार म्हनला त्यो," ती म्हणाली. "म्हनला का न्हाई?"

"म्हनला, माय," मी म्हटलं. मग मशीनातल्या दलालाचं जमेल तसं सांगितलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. "मी तुमच्या लेकामुळंच जित्ता हाय, माय."

तिनं माझ्याकडे वळून विचारलं,

"त्या मशीनातल्याला जीव असतो का?"

"न्हाई."

"मग बिनजीवाच्याला मार म्हनलं माझं लेकरू," ती म्हणाली, आणि पुढं सरकून म्हाताऱ्याच्या कानावरची सुटलेली पट्टी नीट बांधू लागली.