सजगतेच्या वर्गातल्या काकी

एचआयव्हीचं निदान झालं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या उपचार केंद्रातल्या काउन्सेलर मॅडमनी मला सजगतेच्या वर्गाला जायला सांगितलं. गोळ्या मी चुकवत नव्हते, तपासण्याही चांगल्या येत होत्या, पण झोप उडाली होती. अंधेरीच्या ऑफिसात दोघीजणी हळू आवाजात बोलताना दिसल्या की वाटायचं, माझंच चाललंय.

आमच्यासारख्यांसाठीचा हा वर्ग रविवारी सकाळी घाटकोपरला, एका बालवाडीच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या ताई सांगत, डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो नुसता बघा. मी डोळे मिटले की रिपोर्ट हातात पडला ती दुपार समोर यायची आणि घाम फुटायचा. शेजारी साठीच्या एक काकी बसत. मूळच्या मालवणकडच्या. नवरा आधी गिरणीत होता, मग वॉचमन. तो शेवटच्या आजारात असताना यांचीही तपासणी झाली, तेव्हा कळलं. माझी चुळबुळ बघून त्या पुटपुटल्या, "जमत नाय तर नुसती बस गो. माका पण पयलो महिनो जमूक नाय."

मी बसत राहिले. पण मनात एक शंका होती. हे सगळं आम्हाला गुपचूप सोसायला शिकवण्यासाठी तर नाही ना?

मग एका रविवारी काकींनी वर्गात नातवाच्या बारशाची हकिगत सांगितली. पाहुण्यांसमोर त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सुनेनं ते झटकन काढून घेतलं. काकींचा आजार मुलाला आणि सुनेला माहीत होता, पाहुण्यांना नव्हता.

"माका असो राग इलो," काकी म्हणाल्या, "छातीत नुसता धडधडत होता. आधी वाटला, रडत भायर जावचा. मग पाय जमनीक टेकवलंय, ताई सांगतंत तसो श्वास घेतलंय. राग खय गेलो नाय. पण माका बोलूक येयत, असा वाटला."

पाहुणे जेवायला बसल्यावर त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "पोराक माझ्यापासून कायएक होवचा नाय. तुका भीती वाटता तर माझ्यावांगडा वर्गाक चल आणि इचार. पण माझ्या हातातला पोर असा ओढून घेव नको."

सगळ्यांसमोर कुणी माझ्या हातून बाळ ओढलं असतं तर मी त्या घरी परत पाऊल ठेवलं नसतं.

पुढच्या रविवारी सून खरंच आली. अवघडून दाराशी बसली. काउन्सेलर मॅडमना ताईंनी मुद्दाम बोलावलं होतं. सुनेनं खाली बघत विचारलं, "आईंनी पापी घेतली तर?"

"काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "मांडीवर घेतल्यानं नाही, पापी घेतल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही."

सुनेनं वर बघून विचारलं, "मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस खय?" काकी म्हणाल्या. "आणि मी तरी खय सांगलंय."

सगळं एका दिवसात बदललं नाही. सुनेला वेळ लागला. पण वर्गात नवं कुणी आलं, गप्प गप्प असलं, की ताई त्याला काकींशेजारी बसवायला लागल्या. माझंही मन ऑफिसात थोडं मोकळं झालं. कुजबुजणाऱ्या दोघींना एकदा सरळ विचारलं, "काय चाललंय गं?" साहेबांच्या बदलीचं चाललं होतं.

मध्यंतरी मी काकींच्या घरी गेले. त्या पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर नातू पालथा. सून आत त्याचं अंघोळीचं पाणी काढत होती. मी दारातच उभी राहिले.

"बघीत काय रवलंस?" काकी म्हणाल्या. "ती तेलाची वाटी दी माका."