नारळ मी फोडला, गटार त्याचं

दुसऱ्याच्या कामात बोलायला मला फार आवडतं. स्वतःच्या कामात मी तोंड उघडत नाही, कारण तिथं उत्तरं द्यावी लागतात. या सवयीपायी माझ्या मित्राचं पालिकेचं पहिलंवहिलं काम मी जवळजवळ बुडवलं होतं, आणि तेही त्याला मदत करतोय अशा थाटात.

मित्र म्हसळ्याचा, कोकणी मुसलमान. आम्ही डिप्लोमाला एका बाकावर होतो. पुढे मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटलो. तिथं माझं काम म्हणजे नकाशांच्या फायली पालिकेत नेणं, आणणं आणि मधल्या वेळात कॉरिडॉरमध्ये ओळखी वाढवणं. तो मात्र खरा बांधकामात शिरला. पण सगळी वर्षं पेटी ठेकेदार म्हणून. म्हणजे काम मोठ्या ठेकेदाराच्या नावावर निघणार, करणार हा, आणि काम झाल्याचा दाखला जाणार त्या मोठ्याच्या फायलीत. शहरातल्या किती रस्त्यांखाली याच्या हातचं काँक्रीट आहे ते त्यालाच ठाऊक, कागदावर एक फूटही नाही.

तो एकटाच तसा होता असं नाही. मीरा रोडला त्याच्या आसपास राहणारे टाइल्सवाले, प्लंबर, सेंट्रिंगवाले, वेल्डर, अर्ध्या शहराची बाथरूमं त्यांनी बांधली असतील. पण पालिकेच्या ठेकेदारांच्या यादीत त्यांच्यातलं नाव शोधायला बसलं तर चष्मा पुसून पुसून बघावं लागे. कोणी अडवलं होतं असंही नाही. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून ते जात नसत, आणि ‘ते कुठं येतात’ म्हणून त्यांना कोणी बोलावत नसे.

शेवटी मित्रानं नोंदणी केली. सगळ्यात खालच्या वर्गात, आजोबांच्या नावाची फर्म काढून. नव्या लोकांसाठी ठेवलेली काही छोटी कामं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, त्यात त्याला एक गटार लागलं. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या बाजूला एका सोसायटीसमोरचं. जुनं गटार तोडून नवं बांधायचं, वर झाकणं टाकायची आणि कडेनं पेव्हर ब्लॉक बसवायचे. काम एवढंसंच, पण ते नीट संपलं की दाखला त्याच्या नावानं मिळणार होता. त्या दाखल्याशिवाय पुढच्या कामाला अर्जच करता येत नाही.

“एवढा एक दाखला हातात येऊ दे,” तो म्हणाला, “मग दुसऱ्याच्या नावाखाली काम करणं बंद. माझी चार माणसं पण माझ्याच नावावर राबतील.”

मी म्हणालो, “पालिकेचं सगळं माझ्यावर सोड.”

तो म्हणाला, “तेच तर टेन्शन आहे, वकीलसाहेब.” कॉलेजपासून तो मला वकील म्हणतो. मी वकील नाही. नुसतं बोलतो.

त्याला बाजूला घेऊन मी शहराचं वातावरण समजावलं. आजकाल लोक कसे आहेत, ग्रुपवर काय काय फिरतं, सोसायट्यांमध्ये कोण कसला संशय घेतो. माझं म्हणणं असं, की काम संपेपर्यंत त्यानं मागं राहावं. पुढं मी राहीन. लोकांना मराठी बोलणारा माणूस दिसला की ते निवांत होतात.

“मी काय फारसीत बोलतो?” त्यानं विचारलं. “म्हसळ्याला मराठी शाळेत शिकलोय. तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते मला मराठीत.”

“प्रश्न मार्कांचा नाहीये रे.”

“मग कशाचा आहे?”

मी विषय बदलून सिमेंटचा भाव विचारला. तो खांदे उडवून सळया उतरवून घ्यायला गेला. त्याची संमती आहे, असं मी धरून चाललो.

कामाच्या जागी फलक लावावा लागतो. कामाचं नाव, मुदत, ठेकेदाराचं नाव. तो छापून आणायचं मी अंगावर घेतलं. फर्मचं पूर्ण नाव न टाकता नुसती आद्याक्षरं टाकली, पुढं ‘कन्स्ट्रक्शन’. वाचणाऱ्याला काहीही समजावं, असं सोयीस्कर. खाली संपर्कासाठी मोबाइल नंबर घातला, माझा. आपण किती धोरणी आहोत या आनंदात फ्लेक्सवाल्याला चहासुद्धा पाजला.

मग भूमिपूजन. आमच्याकडे गटाराचंही भूमिपूजन होतं, यात हसण्यासारखं काही नाही. वॉर्डातले एक माजी नगरसेवक आले, सोसायटीचे सेक्रेटरी आले, फोटो काढणारे तर न बोलावता आले. नारळ मित्रानंच आणला होता, शेंडी ठेवून नीट सोललेला. हळद-कुंकू, अगरबत्ती, पसरायला नवा टॉवेल, सगळं त्याच्या पिशवीत. खासगी कामांवर इतकी वर्षं तोच हे करत आला होता. पण त्यानं वाकून दगड मांडला आणि मला उगाच वाटलं, आता याची पंचाईत होईल. मी पुढं झालो आणि नारळ त्याच्या हातातून घेतला. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात कृतज्ञता आहे असं मला वाटलं.

नारळ पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. मी मग सगळी ताकद लावली, तेव्हा तो फुटून पाणी थेट माजी नगरसेवकांच्या पांढऱ्या बुटांवर गेलं. ते मोठ्या मनानं हसले, त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटो निघाले. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर होता. मधे शाल पांघरलेला मी, शेजारी नगरसेवक, मागं कोपऱ्यात अर्धवट कापलेला माझा मित्र, हातात पिशवी. खाली लिहिलेलं, ‘आपल्या विभागातील गटाराच्या कामाचा शुभारंभ करताना ठेकेदार’.

“मस्त आलाय फोटो,” मित्र म्हणाला. “मी तुझा ड्रायव्हर वाटतोय.”

काम सुरू झालं. ऑफिसला जाताना मी शेअर रिक्षातून मधेच उतरून दहा मिनिटं साइटवर उभा राही. हात मागे बांधून. सेक्रेटरी खाली येत, ते गुजराती, त्यांच्याशी हिंदीत बोलणं होई. “साहब, पानी कब तक तुंबेगा?” “बस, दो-चार दिन,” मी म्हणे. कशाच्या आधारावर, ते मलाही माहीत नसे. मित्र तेव्हा गटारात उतरून लेव्हल बघत असायचा.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. गिरगावातून इकडं आलेल्या. रोज स्कूटीवरून पोळी-भाजीचे डबे पोचवायच्या, आणि स्कूटी गेटातून बाहेर काढायला त्यांना उतार हवा होता. नकाशात तिथं झाकण सपाट आणि वीतभर उंच होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच गाठलं. मी त्यांना मंजूर नकाशा, अंदाजपत्रक, बदलाची प्रक्रिया असं सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेऊन निघून गेल्या. एक नागरिक सुशिक्षित झाला, असं मला वाटलं.

एका संध्याकाळी कनिष्ठ अभियंत्याचा मित्राला फोन आला. काम थांबवा. तक्रार आली आहे.

तक्रार अशी होती, की ज्याच्या नावावर काम निघालंय तो माणूस साइटवर नाहीच. त्यानं काम परस्पर दुसऱ्याला विकलंय. पुरावा म्हणून दोन फोटो जोडले होते. एकात माझा फलक, दुसऱ्यात माझी शाल. तक्रार कोणी केली ते कळलं नाही. चिठ्ठीत नाव न निघालेला कोणीतरी असावा, असा मित्राचा अंदाज. पण तक्रार खोटी म्हणायची तर कुठून म्हणणार? बघणाऱ्याला तेच दिसत होतं. काम विकल्याचं ठरलं तर नोंदणी रद्द, दाखला नाही, पुन्हा अर्ज करायची सोय नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर राबलेल्या माणसावर आळ कसला, तर नाव याचं आणि राबतोय दुसरा. आणि तो दुसरा मी! मला साधी विटांची ओळ सरळ लावता येत नाही.

“उपअभियंता उद्या साइटवर येतायत,” मित्र म्हणाला. “तू येऊ नकोस.”

“अरे, ते माझ्या ओळखीचे आहेत. मी समजावतो.”

“म्हणूनच सांगतोय, येऊ नकोस.”

मी गेलो. अर्थात गेलो.

उपअभियंता गटाराच्या कडेला उभे होते, बाजूला कनिष्ठ अभियंता, सेक्रेटरी, चार बघे. मित्र फाइल घेऊन उभा. साहेब त्याला काही विचारणार, तेवढ्यात मी मधे पडलो.

“साहेब, नमस्कार. मी सांगतो ना.”

“तुम्ही कोण?”

“मी मित्र यांचा.”

“आर्किटेक्टकडचे ना तुम्ही? मग फलकावर नंबर कोणाचा?”

“माझा.”

“नारळ कोणी फोडला?”

“मी. म्हणजे फोडला मी, पण आणला यांनी.”

“पूर्ण नाव का नाही फलकावर?”

इथं मी शहराचं वातावरण सांगायला लागलो. सामाजिक सलोखा, लोकांच्या भावना, मोबाइलवरच्या अफवा. बोलता बोलता लक्षात आलं, की मागच्या चार बघ्यांमध्ये दोघं मीरा रोडच्या नया नगरचे सेंट्रिंगवाले आहेत, मित्राचीच माणसं. ती माझ्याकडे टक लावून बघतायत. माझा आवाज आपोआप खाली गेला.

“म्हणजे नाव तुम्ही लपवलंत,” साहेब म्हणाले.

“लपवलं नाही साहेब, संक्षिप्त केलं.”

कनिष्ठ अभियंता हसला. मित्र हसला नाही. तो पहिल्यांदाच बोलला, मला उद्देशून, पण हळू. “नाव माझं होतं ना? लपवायचं की नाही ते मला विचारायचं होतंस.”

मी फलकावरची आद्याक्षरं पुन्हा वाचायला लागलो.

साहेब फाइल मिटायच्या बेतात होते. ते सेक्रेटरींकडे वळले. “तुमच्या मते ठेकेदार कोण?”

सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट केलं. “ये साहब. रोज आते हैं सुबह.”

मित्राचा चेहरा उतरला. तेवढ्यात गेटातून स्कूटीचा हॉर्न वाजला. शिक्षिका डब्यांची पिशवी हँडलला लावून गेटाशी आल्या होत्या. समोर साहेब आहेत, चौकशी चाललीये, याची त्यांनी दखलही घेतली नाही. त्या थेट मित्रावर घसरल्या.

“काय हो, आज काम बंद का? काल मला काय सांगितलंत? साहेबांना पुन्हा विचारून सकाळी उतार ओतून देतो म्हणालात. ही फळी किती दिवस टाकून ठेवणार? परवा माझी आमटी सांडली या फळीवर.”

“बाई, आज साहेब आलेत,” मित्र म्हणाला. “काम थांबवलंय.”

“कोणी थांबवलं?”

“मी,” साहेब म्हणाले. “बाई, एक सांगा. तुम्ही यांच्याशी का भांडताय? ठेकेदार तर हे आहेत म्हणे.” त्यांनी मला दाखवलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नापास मुलाकडे बघतात तसं.

“हे? यांना पहिल्या दिवशी उतार सांगितला, तर यांनी मला अंदाजपत्रक शिकवलं. मी मुकाट ऐकून घेतलं, म्हटलं असेल कोणी पालिकेचं भाषण करणारं. आणि हे,” त्यांनी मित्राकडे बोट केलं, “दुसऱ्या दिवशी गटारात उभे होते, यांना विचारलं. यांनी माझी स्कूटी बाहेर काढून मोजली, चाकाखाली फळी टाकून दिली आणि म्हणाले, साहेबांची परवानगी काढतो. तेव्हापासून रोज यांच्याशीच भांडतेय मी. सकाळी सातला भांडते, डबे देऊन आले की पुन्हा भांडते. ठेकेदार नसते तर ऐकून कशाला घेतलं असतं?”

“परवानगी मागितली होती?” साहेबांनी कनिष्ठ अभियंत्याला विचारलं.

“हो साहेब. गेल्या आठवड्यात साइटवर बोलले होते हे. मीच म्हटलं, बघू.”

साहेबांनी मग मित्राला विचारायला सुरुवात केली. मिश्रण कुठून येतं, माणसं कोण, पुढच्या पट्ट्याला लेव्हल किती ठेवलीय. मित्र उत्तरं देत गेला, साहेबांना घेऊन गटाराच्या कडेनं चालत शेवटपर्यंत गेला. मी मागं निघालो तर कनिष्ठ अभियंत्यानं मला हातानं थांबवलं. मी बाईंच्या स्कूटीपाशी उभा राहिलो. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. “धरा जरा. बोलू नका.”

तक्रार निकाली निघाली, उताराला परवानगी मिळाली आणि काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. फलक बदलला, पूर्ण नावानिशी, मित्राच्या नंबरासकट. सोसायटीतल्या कोणाची काही हरकत आली नाही असं नाही. एका गृहस्थांनी ग्रुपवर काहीतरी तिरकं लिहिलं. त्यावर तीन अंगठे आले, आणि मग कोणीतरी पाणी कधी येणार ते विचारलं आणि विषय तिकडं गेला. मित्राच्या फोनवर मात्र दिवसभर तक्रारी यायला लागल्या. झाकण वाजतं, ब्लॉक हलतो, गाडी कुठं लावू. तो वैतागायचा आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचा.

मला साइटवर यायची बंदी नव्हती. हात मागे बांधून उभं राहायची होती. गेलो की सेंट्रिंगवाले माझ्या हातात काहीतरी देत, दोरीचं एक टोक नाहीतर पाण्याचा पाइप.

काम संपलं, मोजमाप झालं. दाखला आणायला मित्र पालिकेत एकटाच गेला. मी ऑफिसात बसून घड्याळ बघत होतो. बराच वेळ झाला तरी फोन येईना. माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. कोणीतरी अडवलं असणार, नाव वाचून चेहरा बदलला असणार, मी असतो तर सांभाळलं असतं. शेवटी मीच फोन लावला.

“ऐक, घाबरू नकोस. बाकड्यावर बस आणि त्यांना सांग की—”

“मिळाला दाखला. केव्हाच मिळाला.”

“मग एवढा वेळ काय करतोयस तिथं?”

“इथल्या हेडक्लार्क बाई श्रीवर्धनच्या निघाल्या, आमच्या म्हसळ्याच्या शेजारच्याच. सुपारी यंदा कशी झाली ते बोलत बसलोय. ठेव आता, त्यांचं वाक्य अर्धं राहिलंय.”