फरक आढळला नाही

"सर, 'दोन्ही गोळ्या समान' हे वाक्य मी लिहीत न्हाई," अश्विनी म्हणाली.

तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं शेवटचं पान माझ्या टेबलावर होतं. दुपारी तो बाइंडिंगला हुमनाबादला जायचा होता. मी तेव्हा जवळच्याच एका फार्मसी कॉलेजात शिकवत होतो. अश्विनी मुडबीची, शेवटच्या वर्षाला. एका खासगी हॉस्पिटलात गुडघेदुखीच्या साठ पेशंटची तिनं पाहणी केली होती. तीस जणांना जुनी गोळी, तीस जणांना नवी. दुखणं दोन्हींनी सारखंच कमी झालं. पण पोटात रक्तस्राव झाला तो जुन्या गोळीवर एकाला, नवीवर चौघांना.

"चार आणि एक. फरक हाय की सर."

"पी व्हॅल्यू किती आली?"

"पॉइंट थ्री फाइव्ह."

पी व्हॅल्यू म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. दोन्ही गोळ्या मुळात सारख्याच आहेत असं धरायचं. मग नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, तो हा आकडा. इथं शंभरात पस्तीस. रिवाज असा, की तो शंभरात पाचाच्या आत असेल तरच फरकाला 'सिग्निफिकंट' म्हणायचं. पण साठच माणसं पाहिली, तर खरा धोकाही बहुतेक वेळा निसटतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होतो.

तेवढ्यात प्रिन्सिपल आत आले. त्या हॉस्पिटलशी कॉलेजचा ट्रेनिंगचा करार होता आणि त्याचं रिन्युअल तोंडावर आलं होतं.

"बिरादार सर, डॉक्टरसाहेबांचा दोनदा फोन आला. नवी गोळी सुरू करायची हाय त्यांना. नॉट सिग्निफिकंट हाय ना? मग सेफ लिहा, विषय संपवा."

अश्विनीनं पेन खाली ठेवलं.

"लिही," मी म्हणालो. "आकडे तक्त्यात हायत की. वाचणारा वाचंल."

तिनं लिहिलं, 'सुरक्षिततेत दोन्ही गोळ्या समान आहेत.' खाली मी सही केली.

तक्ता कुणी वाचला नाही. हॉस्पिटलनं नवी गोळी सरसकट सुरू केली.

दोनेक महिन्यांनी महादेवीअक्का त्याच हॉस्पिटलची, नव्या गोळीची चिठ्ठी घेऊन आल्या. आमच्या लॅबमधलं काचसामान त्या धूत. उभं राहून राहून गुडघे गेले होते.

"सर, ही गोळी दिलेत बघा. घिऊ का? मागं माझ्या पोटात जखम झालती."

त्या शेवटच्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. अल्सर झालेल्या माणसाला असली कुठलीच गोळी सहज देत नाहीत. मी पेपर तपासत होतो.

"आपल्याच पोरीनं तपासलीय, अक्का. जेवून घ्या. काय होत न्हाई."

आठवडाभरात त्यांना शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. ती आतल्या रक्तस्रावाची खूण असते. घरच्यांना वाटलं, उष्णता झाली. चक्कर येऊन पडल्या तेव्हा गाडी करून कलबुर्गीला न्यायला निघाले. अक्का वाटेतच गेल्या.

अश्विनीचा फोन आला. "सर, त्या गोळीनंच गेल्या का अक्का?"

"सांगता येत न्हाई. जखम जुनी होती. जुन्या गोळीनंबी झालं असतं कदाचित."

"मग रिपोर्टात तसंच लिहायचं व्हतं की. सांगता येत न्हाई म्हणून."



मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं. निष्कर्ष चुकीचा आहे, आकडे अपुरे आहेत, चूक माझी आहे. "आता कामून उकरायलाव?" प्रिन्सिपल म्हणाले. हॉस्पिटलनं गोळी बंद केली नाही. देण्याआधी अल्सरचं विचारायचं, एवढा नियम केला. कराराचं रिन्युअल झालं नाही.

अक्कांच्या मुलालाही जाऊन भेटलो. घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, हे त्याला सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला. "सर म्हणले काय होत न्हाई, म्हणून आई डॉक्टरला पुन्हा विचारायला गेलीच न्हाई."

मी आजही हाच विषय शिकवतो. पाहणी अपुरी असेल तर 'अपुरी आहे' असं लिहावं. 'सुरक्षित आहे' लिहायला जेवढी शाई लागते, तेवढीच त्याला लागते.