पांढऱ्या कपड्यांतला वाचक

चहा घ्या आधी, हसायचं ते नंतर हसा. कारण इतकी मोठी फजिती मी आयुष्यात दुसऱ्यांदा करून घेईन असं वाटत नाही, आणि ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

मी सुभद्रा पवार, राहणार कुरुळी. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं रद्दी वाचून माझी मीच शिकले, कुणाचे उपकार नाहीत. सत्तरी जवळ आल्यावर शाळकरी पोरांसाठी कादंबरी लिहिली. तीन पोरं मिळून कंपन्यांतली तांब्याची तार पळवणाऱ्या एका भंगार ठेकेदाराला पकडून देतात, अशी गोष्ट. आमच्या भागात भंगाराचा ठेका कोण घेतो आणि कसा घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. मी बोलले, तेही छापून.

सून म्हणाली, "आई, मांजरांवर लिहा, पाखरांवर लिहा. ह्या लोकांची खोडी कशाला काढताय?"

मी म्हटलं, "मी कुणाच्या बापाला भीत नाही."

तर पुस्तक आलं, आणि प्रकाशकांनी आम्हा दोघींना पुस्तकांच्या दुकानांतून फिरवायला काढलं. दुसरी म्हणजे मृण्मयी. हिंजवडीत नोकरी करणारी चोवीस वर्षांची पोर, तिचीही पोरांसाठीची कादंबरी तेव्हाच आलेली. दुकानात जायचं, जमलेल्या मुलांना दोन पानं वाचून दाखवायची, पुस्तकांवर सह्या करायच्या, की पुढचं दुकान.

निगडीच्या दुकानात चष्मेवाली एक मुलगी उठली. "आजी, हा भंगारवाला खरा आहे का?"

"नाही बाळ, मनानं रचलाय."

"मग तो महाळुंग्याचाच कसा? माझ्या मामाचं गाव आहे ते."

सगळे पालक माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडचे ठेकेदार सगळे पांढऱ्या कपड्यांत हिंडतात. तिथून चिंचवडपर्यंत रस्त्यात पांढरा शर्ट दिसला की मी गाडीची काच वर करायची. मृण्मयी विचारी, "आजी, थंडी वाजते का?" भर उन्हात हो म्हणायची वेळ आली.

चिंचवडच्या दुकानात मुलं यायला अवकाश होता. मालक चहा सांगायला गेलेला. टेबलाशी आम्ही दोघीच. आणि दारात येऊन थांबली काळी गाडी.

उतरला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात बोटाएवढी साखळी, मागे दोन दांडगे. आत आला, गठ्ठ्यातलं माझं पुस्तक उचललं, तळहातावर आपटलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

पुस्तकावर माझं नाव होतं, फोटो नव्हता. आणि खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप उठला आणि बोट मृण्मयीकडे गेलं.

"हिनं. ही सुभद्रा पवार."

"आन तुमी?"

"मी हिची आजी. सोबतीला आलेय नुसती."

मृण्मयीनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. टेबलाखालून मी तिचा पाय असा दाबला की पोर बोलायचंच विसरली. कोवळ्या पोरीला पुढं केलं आणि स्वतः आजी होऊन बसले. बघा माझा पराक्रम.

तो खुर्ची ओढून समोर बसला. "ताई, यातला भंगारवाला." एवढं बोलून थांबला. मी सह्यांचं पेन हळूच मृण्मयीपुढं सरकवलं. "माझी लेक नववीला हाय. म्हणली, पप्पा, ह्यो तर तुमीच. समदं पुस्तक वाचून दावलं तिनं."

"अहो, पण तो खलनायक आहे," मृण्मयी कशीबशी म्हणाली.

"असूं द्या की. दरारा काय दावलाय गड्याचा. आमच्या घराण्यात कुणाचं नाव पेपरात आलं न्हाई, आन माझ्यावर आख्खं पुस्तक निघालं."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी जळायलाही लागला. मी पुढं सरकले. "भाऊ, ते पुस्तक खरं म्हणजे..."

"बसा आजी, दमला असाल. नातीनं नाव काढलं तुमचं." मग मागं वळून, "ए, ताईंचा फोटू घे चांगला. शाल आण गाडीतली."

आता खरं सांगावं, तर आपण ह्याच्या तोंडावर खोटं बोललो हे कळणार. ती भीती पहिलीपेक्षा मोठी. मी पुन्हा मागं सरकले. त्यानं सगळा गठ्ठा लेकीच्या शाळेसाठी घेतला, मृण्मयीनं एकेका पुस्तकावर 'सुभद्रा पवार' अशी सही केली. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख.

आठवड्यानं कुरुळी फाट्यावर हा थोरला फ्लेक्स लागला. वर तो, काळा चष्मा लावून हात जोडलेला. खाली शाल पांघरलेली मृण्मयी. 'आपल्या मातीतल्या थोर लेखिका कु. सुभद्रा पवार यांचे हार्दिक अभिनंदन.' गावात मी अजून कुणाला पुस्तकाचं सांगितलं नव्हतं. एकदम सत्कारच व्हावा, अशी माझी हौस.

मी खाली उभी राहून बघत होते, तर शेजारची हौसा आली. नातवाकडून फ्लेक्स वाचून घेतला आणि म्हणाली, "सुभद्रे, तुझ्याच नावाची हाय की गं पोरगी. एवढ्याशा वयात पुस्तक लिवलं तिनं. न्हाईतर तू, म्हातारपणी कागदं खरडीत बसती."

तोंड उघडणार, एवढ्यात फ्लेक्सची दोरी आवळणारा माणूस वळला. दुकानातल्या त्या दोन दांडग्यांपैकी एक.

"व्हय गं बाई," मी म्हटलं, "लई हुशार दिसती पोरगी."