कोठीतला लॅपटॉप

सुनेचा लॅपटॉप मी मारून टाकला. मुद्दाम नाही, पण तसं शपथेवर सांगितलं असतं, तरी कुणाला पटलं नसतं.

शनिवार होता. मनीषा, म्हणजे माझी सून, जेवणाच्या टेबलावर काम करत होती. सोमवारी तिला साहेबांना काहीतरी करून दाखवायचं होतं. आवडलं तर नोकरी कायम, नाही तर घरी. (घरी म्हणजे दिवसभर माझ्याबरोबर. तिचं टेन्शन मला कळत होतं.) फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. मी टेबल पुसायला घेतलं आणि कोपराने पाण्याचा तांब्या लॅपटॉपवर आडवा केला. भरलेला!

स्क्रीन काळी झाली. मनीषा धावत आली. "आई, माझं सगळं काम ह्याच्यात होतं!"

"रडू नकोस. उन्हात घालू. पापड वाळतात, हा नाही वाळणार?"

मुलगा द्रोणागिरीला गोदामात कामाला. त्याला फोन लावला.

"आई, चालू करू नकोस. तांदळात ठेव. तांदूळ पाणी ओढून घेतात."

"कुठल्या तांदळात? रोजच्या की गावच्या?"

"कुठल्याही गं!"

इथे तो चुकला. मला 'कुठल्याही' म्हणायचं नसतं. रोजचे डब्यात मूठभरच होते. मी साताऱ्याहून आणलेल्या वर्षाच्या तांदळाची कोठी उघडली, लॅपटॉप आत पुरला आणि वरून दाबला.

"आई, एवढं दाबायचं असतं का?"

"दाबल्याशिवाय पाणी निघतं का? तू गप बस."

रविवारी सकाळी काढला. पाणी गेलं होतं. पण लॅपटॉप नुसता चकाकत होता! कौतुकाने उचलला, तर सुळकन निसटून फरशीवर. कोपरा उडाला. तेव्हा आठवलं, किडा लागू नये म्हणून त्या तांदळाला मीच एरंडेल चोळलं होतं. सढळ हाताने!

जुईनगरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप खोलला. आतून तांदूळ सांडले. त्याने वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं.

"पाण्याने काही बिघडलं नव्हतं, मावशी. नुसता उलटा ठेवला असता तरी सुकला असता. हे तेल कसलं?"

मी दुकानाबाहेरची रहदारी बघू लागले.

"काम निघेल आतलं," तो मनीषाला म्हणाला, "पण गुरुवारी."

मनीषाने पर्समधून मोबाइल काढला. आता सगळं पहिल्यापासून, मोबाइलवर, एका दिवसात.

"मी काय करू, सांग," मी म्हटलं.

"काही करू नका, आई. हात जोडते, काहीच करू नका!"

दुरुस्तीवाल्याला दया आली. "घरात लहान मूल आहे का? मोबाइल तरी त्याच्या हाताला लागू देऊ नका."

मनीषाने डोळे पुसले. "आहे ना. बहात्तर वर्षांचं."

"चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.

त्या दोन दिवसांत माझ्या हातून झालेली धड दुरुस्ती तेवढीच!