नंदनची फरशी

मी अनॅस्थेटिस्ट आहे. आयुष्यभर माणसांना झोपवलं आणि परत उठवलं, पण त्यात आत्मा वगैरे कधी कुठे आडवा आला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या पार्टीत भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून किचनमध्ये चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच अवघड वाटतंय... पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या शैलाताई आता इथे नाहीत, आणि मला ते एकटीला सांभाळवत नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. शैलाताई आणि त्यांचे मिस्टर आमच्या बरेच आधी इथे आलेले. मिस्टर माझ्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. नंदन त्यांचा एकुलता एक मुलगा, पॉलिटेक्निकला शिकत होता. इथेच जन्मलेला. 'माझी पाय दुखते' म्हणायचा आणि आपण चुकलो हे कळून स्वतःच हसायचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. फेब्रुवारीतला शनिवार, भर दुपार. नंदन टाउनमधून घरी निघाला होता. रिंग रोडखालच्या सबवेच्या तोंडाशी चार-पाच गोऱ्या पोरांनी त्याला गाठलं. आधी नेहमीच्या शिव्या, मग लाथा, मग सुरा. शॉपिंगच्या पिशव्या घेऊन लोक येत-जात होते. त्यातल्या कोणीच काही पाहिलं नव्हतं – निदान पोलिसांना तरी सगळ्यांनी तसंच सांगितलं. कोर्टात ती पोरांमधली मारामारी ठरली. एकाला थोडीशी शिक्षा झाली, बाकीचे सुटले. तो कातडीच्या रंगामुळे मेला, हे त्या कोर्टात कोणी एकदाही बोललं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही त्या जागी जमलो. खूप माणसं आली होती. गुरुद्वारातले लोक, मशिदीतले लोक, युनियनवाले, नंदनचे मित्र, वेस्ट इंडियन चर्चमधल्या बायका. सकाळपासून बर्फ पडत होता. सगळा फूटपाथ पांढरा झाला होता, फक्त सबवेच्या भिंतीजवळच्या एका फरशीवर बर्फ नव्हता. नंदन पडला होता ती जागा.

शैलाताईंनी हातमोजा काढला, वाकून त्या फरशीवर हात टेकला आणि तशाच राहिल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी शेजारी गुडघे टेकले, तर त्या हळूच म्हणाल्या, "मीना, हात लाव."

मी लावला. फरशी गरम होती. उन्हाने दगड तापतो तशी नव्हे... पेशंटच्या कपाळावर हात ठेवल्यावर लागतं ना, तशी. जिवंत माणसाच्या अंगाची ऊब. मी रोज हजारदा हात लावते माणसांना, माझी त्यात चूक होणार नाही. मागून एक म्हातारे सरदारजी आले. त्यांनीही हात लावला आणि पगडीचं टोक डोळ्यांना लावलं.

माझा नवरा श्रीकांत सिव्हिल इंजिनिअर. तो म्हणाला, खालून पाइप किंवा केबल जात असणार. त्याने ओळखीतून नकाशे पाहिले. त्या जागेखाली काहीच नव्हतं. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तिथे घाणेरड्या घोषणा रंगवल्या, तेव्हा कौन्सिलने तो सगळा भाग उखडून नव्या फरश्या बसवल्या. खाली माती आणि वाळू, बाकी काही निघालं नाही. आणि त्या फेब्रुवारीत नवी फरशीसुद्धा गरम! श्रीकांतने थर्मामीटर आणला होता. आकडा शेजारच्या फरश्यांइतकाच थंड आला. त्याने परत हात लावला, परत थर्मामीटर लावला. मग थर्मामीटर खिशात टाकून बाजूला जाऊन उभा राहिला. त्यानंतर बरीच वर्षं या विषयावर आमच्या घरात बोलणं झालं नाही.

दर फेब्रुवारीत आम्ही तिथे जमत राहिलो, पण माणसं दरवर्षी कमी होत गेली. युनियनवाले यायचे थांबले, नंदनच्या मित्रांची लग्नं झाली, सरदारजी वारले. शैलाताईंचे मिस्टर रिटायर झाल्यावर ठाण्याला परत जायचं म्हणत होते. शैलाताई ऐकेनात. शेवटी ते एकटेच गेले, आणि तिकडेच हार्ट अटॅकने गेले. मी शैलाताईंना खूप समजावलं, बहीण आहे ठाण्याला, तिच्याजवळ जाऊन राहा. त्या म्हणायच्या, "त्याला इथे फूटपाथवर टाकून जाऊ? थंडीत?" दुसरं काही त्यांच्या आयुष्यात उरलंच नव्हतं. वर्षभर त्या फेब्रुवारीतल्या त्या एका दुपारसाठी जगायच्या.

नव्वदीच्या मध्यावर लीड्समध्ये एका टॅक्सी ड्रायव्हरला तसंच मारलं. पाकिस्तानी होता, तरुण. तिथल्या लोकांनी सभा ठेवली आणि कोणाकडून तरी नंदनचं ऐकून शैलाताईंना बोलावलं. मीच त्यांना गाडीने घेऊन गेले. पेट्रोल पंपामागचा एक रस्ता, भिंतीला टेकवलेली फुलं, आणि खाली नुसत्या जमिनीवर बसलेली त्याची बायको. विशीतली असेल. कोणाशी बोलत नव्हती.

शैलाताई तिच्याजवळ बसल्या. मग त्या मुलीचा हात सारखा रस्त्यावरून फिरतोय हे त्यांच्या लक्षात आलं. मुलगी त्यांना उर्दूत म्हणाली, की इथे गरम लागतं, पण कोणी मानत नाही, सगळे म्हणतात तू झोपलेली नाहीस म्हणून तुला तसं वाटतं.

शैलाताईंनी तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मीही ठेवला. तीच ऊब. अगदी तीच, तसूभर फरक नाही.

मला वाटलं, शैलाताई तिला जवळ घेतील. त्यांनी घेतलंही. ती मुलगी त्यांच्या गळ्यात पडून पहिल्यांदा रडली, असं तिचा दीर नंतर म्हणाला. पण मला शैलाताईंचा चेहरा दिसत होता. कोर्टातसुद्धा तो इतका उतरला नव्हता.

परतताना आम्ही मोटरवेला लागलो. शेफिल्ड मागे पडल्यावर शैलाताई म्हणाल्या, "मला वाटायचं, तो नंदन आहे."

मी गाडीचा वेग कमी केला.

"तो नव्हताच गं. हे सगळीकडेच आहे. ज्याला ज्याला मारलं त्याच्या त्याच्या जागी असेल." मग त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी कोणाला हात लावत होते? माझा नंदन कुठे आहे?"

त्याच उन्हाळ्यात घर विकून त्या ठाण्याला गेल्या. मी आनंद मानायला हवा होता, मीच तर मागे लागले होते. फोनवर त्या हवापाण्याचं बोलतात, गुडघ्यांचं बोलतात. फेब्रुवारीत मी फोन केला तरी त्या जागेबद्दल विचारत नाहीत, आणि मी सांगत नाही.

मी अजून जाते. या वर्षी मी आणि चर्चमधली एक म्हातारी बाई, एवढ्या दोघीच होतो. फरशी तशीच गरम आहे. नकाशात काही नाही, थर्मामीटरवर काही नाही. श्रीकांत आता म्हणतो, कोणी फिजिक्सवाल्याला विचार. विचारीन. पण शैलाताईंनी गाडीत जे विचारलं, ते कोणाला विचारायचं?