वरच्या माळ्यावरच्या चपला

मंडळी, आज घरटॅक्सची सुनावणी होती. नव्या पाहणीत आमच्या वरच्या माळ्यावर किरायेदार दाखवला, म्हणून टॅक्स वाढल्याची नोटीस मले आली. अकोल्याची बहीण फोनवर ओरडली, "रडत काहून बसली? मुदतीच्या आत लेखी हरकत दे!"

दिली. जुनी पावती जोडली, वरच्या मीटरचं शून्य युनिटचं लाइट बिलही जोडलं.

सुनावणी घेणारे साहेब वयानं लहान, पण बोलायला बरे होते. "काकू, बिल तं ठीक आहे. पण आमच्या माणसानं वरच्या दारात पुरुषाच्या चपला पाहिल्या. कोणाच्या हायेत त्या?"

"आमच्या ह्यांच्या."

"मंग त्यायलेच आणायचं होतं संगं."

"ते जाऊन तीन वर्षं झाली. चोरचिलटाले वाटावं की घरात माणूस आहे, म्हणून ठेवते."

साहेबांनी पेन खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "एवढंच लिहून द्या काकू. वरचा माळा रिकामा आहे, घरात मी एकटीच राहते."

तीन वर्षं जे बाहेरच्या कोणाले कळू दिलं नाही, ते आज माझ्याच अक्षरात सहीनिशी लिहून दिलं.

बुधवारी त्यांचा माणूस पुन्हा पाहायला येणार आहे. तोवर चपला उचलून ठेवा, असं साहेबांनी बजावलं. घरी आल्यापासून दोनदा जिना चढली. एकदा चपलांवरची धूळ पुसली. दुसऱ्यांदा त्या नीट जोडीनं लावून खाली आली.

टॅक्स कमी होईल हो. पण तुमीच सांगा, त्या चपला उचलून ठेवू तरी कुठं?